चिंतेत माझं नाव नको

थंडी पडली की म्हैसूरच्या घराघरांतून अवरेकाळूचा वास सुटतो. अवरेकाळू म्हणजे आपला ओला पावटा. भिजवलेला दाणा दोन बोटांच्या चिमटीत धरून दाबला की साल हातात राहतं आणि आतला हिरवा जीव टुणकन पातेल्यात उडी मारतो. त्या रविवारी संध्याकाळी अंबुबाई जेवणाच्या टेबलाशी बसून हेच करत होत्या. एरवी या वेळी त्या भजनाला गेलेल्या असायच्या. आज गुडघा कुरकुरत होता म्हणून घरी राहिल्या, आणि घरी राहिल्या म्हणून पुढचं सगळं रामायण घडलं.

पलीकडे हॉलमध्ये लोरा बसली होती. लोरा त्यांची माडीवरची भाडेकरू. अमेरिकेतल्या ओहायोमधल्या एका लहानशा गावातून, तिथल्या चर्चनं पाठवलेली मिशनरी शिक्षिका. इथल्या चर्चच्या मुलींच्या शाळेत ती इंग्रजी आणि गाणं शिकवते. म्हैसूरच्या नजरबाद भागातल्या त्या घरात माडीवर नेट रडतं आणि खाली धावतं, म्हणून दर रविवारी फुलदाणीला फोन टेकवून ती खालीच आपल्या गावच्या उपासनेत सामील व्हायची. इथं संध्याकाळ, तिथं सकाळ. तिकडच्या भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर ती दिसायची आणि तिच्या तळहाताएवढ्या फोनमध्ये सगळं चर्च मावायचं.

त्यांची एक पद्धत होती. गाणी झाली की पाळक विचारायचा, कुणाला काही आनंद सांगायचाय? कुणाला काही चिंता? मग एकेकानं उठून आधी आपला आनंद सांगायचा, मग चिंता, आणि प्रत्येक चिंतेवर सगळ्यांनी मिळून म्हणायचं, ‘प्रभू, आमची प्रार्थना ऐक.’

लोराची पाळी आली. आनंद भरपूर होते तिच्याकडे. बन्नूरहून वसतिगृहात आलेली सुमा वर्षभर वर्गात ओठ शिवून बसायची, ती परवा गाण्याच्या तासाला एकटी उभी राहून गायली. मार्केटातली फुलवाली आता पैसे घ्यायच्या आधीच लोराच्या केसांत मल्लिगेचा गजरा माळून मोकळी होते. आणि आई ठणठणीत आहे, देवाची कृपा. अंबुबाई दाणे सोलता सोलता हसल्या. मग लोराचा आवाज खाली आला.

“आता चिंता. माझ्या घरमालकीणबाई, अंबु. त्या विधवा आहेत. एकट्या राहतात, मुलगा दूर आहे. रोज सकाळी एका जुन्या तलवारीपुढे दिवा लावतात. त्यांच्या एकाकी मनाला शांती मिळावी, त्या अंधारात उजेड पडावा.”

आणि समुद्रापलीकडून, ज्यांचं तोंड कधी पाहिलं नाही अशा पन्नासेक माणसांचा एक आवाज आला, “प्रभू, आमची प्रार्थना ऐक.”

अंबुबाईंच्या चिमटीतला दाणा सुटला तो थेट समोरच्या भिंतीवर जाऊन आपटला.

रविवारी जेवायला येणारी त्यांची भाची विद्याश्री शेजारी फोन चाळत बसली होती. कडकोळच्या एका कारखान्याच्या ऑफिसात ती नोकरीला. तिनं मान वर केली. “अत्ते, बिडु. सोड ना. फ्री प्रार्थना आहे, जीएसटीसुद्धा नाही.”

“हसू नकोस! पन्नास माणसांसमोर माझी अब्रू दांडीवर वाळत घातली तिनं.”

“अब्रू कुठं आली त्यात? प्रेमानं म्हणाली ती.”

“प्रेमानं म्हणे. तुझ्या नावानं उद्या कुणी प्रेमानं सांगितलं, हिचं लग्न जमत नाही, रडा सगळे, तर?”

विद्याश्रीनं पुन्हा फोनमध्ये डोकं घातलं.

अंबुबाई चिडल्या त्याला कारण होतं, आणि ते त्यांच्या हाडामांसात मुरलेलं होतं. उभं आयुष्य त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटरची नोकरी केली. कानाला हेडफोन, समोर भोकांचा फळा, हातात दोऱ्या. कुणाला मुलगा झाला, कुणाचा बाप गेला, कुणाची मुलगी कुणाबरोबर पळाली, सगळ्या म्हैसूरचं सुखदुःख या कानांतून वाहून गेलं. नोकरीवर लागल्या त्या दिवशी वरिष्ठ बाईंनी एकच धडा दिला होता. लाइन जोडायची आणि कान काढून घ्यायचा. चुकून ऐकू आलं तर गिळायचं. त्यांनी गिळलं. नवऱ्याला, शंभूरावांनासुद्धा कधी सांगितलं नाही. ते बिचारे विचारून विचारून थकले आणि तसेच गेले. आणि ज्या बाईनं दुसऱ्याची चिंता ओठावर येऊ दिली नाही, तिची स्वतःची चिंता ही कालची पोर सातासमुद्रापार वाटत सुटली होती!

बरं, वाटली ती तरी खरी होती का? एकट्या म्हणे! मुलगा भुवन बेंगळुरूहून एक शनिवार सोडून एक शनिवारी येतो, ही विद्याश्री दर रविवारी ताटावर हजर, भजनाच्या बायका ऊठसूट दारात. आणि तलवारीपुढे दिवा? दिवा देवापुढे असतो बाई! तलवार आजेसासऱ्यांची, म्हैसूरच्या घोडदळातली. देवघरात शेजारी ठेवलेली आहे म्हणून तिच्यावर उजेड पडतो, एवढंच. खंडेनवमीला तिला झेंडूचं फूल, वर्षातून एकदा. तीन वर्षं घरात राहून एवढंही विचारलं नाही?

त्यांची आई जात्यावर म्हणायची ती ओवी त्यांच्या ओठांवर आली.

जिवाचं ग गाऱ्हाणं, नको सांगू शेजारणी
वेशीला बांधतील लोक तोरण करूनी

उपासना संपवून लोरा स्वयंपाकघरात आली, ती रोजच्यासारखी बाह्या सरसावून. “मी पण सोलू?”

“राहू दे. अंधारात दिसायचं नाही तुला.”

लोरा थबकली. तिला मराठी चांगली कळत होती, आणि ती एक वेगळीच गंमत होती. आल्या आल्या तिनं विचारलं होतं, ‘मला इथली भाषा शिकवाल का?’ अंबुबाईंनी मन लावून शिकवली, घरात बोलतात ती. काही महिन्यांनी शाळेतल्या मुलींसमोर लोरानं ती ऐटीत बोलून दाखवली, तेव्हा पोरी एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिल्या. ती मराठी होती. त्यांना हवी होती कन्नड. लोरा रडकुंडीला येऊन परत आली, तर अंबुबाई म्हणाल्या, ‘इथली नाही तर कुठली? आमच्या कितीतरी पिढ्या इथल्याच मातीत गेल्या!’ कन्नड ती पुढे शाळेत शिकली. पण घरात बोलायची ती अंबुबाईंचीच मराठी, त्यांच्याच हेलात.

“तुम्ही ऐकलंत,” लोरा म्हणाली.

“कान आहेत मला. पेन्शनीत निघाले नाहीत.”

“अंबुबाई, बेजार करून घेऊ नका, मनाला लावून घेऊ नका. आमच्यात चिंता सांगणं म्हणजे… म्हणजे ते माणूस आपलं आहे, असं.”

“आपलं आहे तर मला आनंदात घाल की! फुलवाली आनंदात, सुमा आनंदात, आणि तीन वर्षं तुला सारभात करून घालते ती मी चिंतेत?”

विद्याश्रीला हसू फुटलं. लोरालाही फुटलं असतं, पण अंबुबाईंचा चेहरा बघून तिनं ते आवरलं.

“मला खरंच वाटतं,” ती हळू म्हणाली, “की तुम्ही कधी कधी संध्याकाळी एकट्या बसता…”

“बसते. मला आवडतं. जन्मभर कानात माणसं बोलत होती, आता जरा गप्प बसते. त्याला तुमच्यात दुःख म्हणतात? आणि तसं वाटलं तर मला विचारावं. मी काय जिन्याखालीच असते. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं बाई तुम्हाला!”

“आणि आपल्यातलं मुसळ दिसत नाही,” लोरानं वाक्य पुरं केलं. “हे आमच्या पुस्तकातही आहे.”

“मग वाचत जा ते पुस्तक. पुढच्या रविवारी माझं नाव काढ. सगळ्यांसमोर घातलंस, सगळ्यांसमोर काढ.”

“प्रार्थना काढता येत नाही, अंबुबाई.”

“साकू! पुरे झालं.” अंबुबाईंनी पातेल्यावर झाकण आपटलं. लोरा न जेवता माडीवर गेली.

पण रागाच्या तळाशी आणखी एक राग होता, आणि तो अंबुबाईंना कुणाशी बोलता येत नव्हता. ‘आई ठणठणीत आहे,’ लोरा म्हणाली होती. आणि आई ठणठणीत नव्हती.

हे अंबुबाईंना माहीत होतं, कारण लोराची आई डोरथी त्यांची मैत्रीण होती. पूर्वी लोराच्याच फोनवर दोघींनी एकमेकींना हात हलवले. मग डोरथीनं नंबर मागून घेतला. लोरा पहाटेच्या प्रार्थनेला शाळेत निघून गेली की अंबुबाईंचा कॉफीचा पेला आणि डोरथीची झोपायची वेळ एका धाग्यावर यायची. एक्स्चेंजमधलं अंबुबाईंचं इंग्रजी नेटकं, धूळ झटकलेलं. दोघी सांध्यांबद्दल बोलायच्या, नवऱ्यांबद्दल बोलायच्या, लोणच्याबद्दल बोलायच्या.

आणि दिवाळीनंतर एका सकाळी डोरथी म्हणाली होती, “मी पडले, अंबु. मागच्या पायरीवर बर्फ होता. मनगट बांधलंय. नजरही अधू झालीय, गाडी चालवणं सोडलं. चर्च दोन गल्ल्यांवर आहे, पण तेवढंही चालवत नाही. मी घरूनच टीव्हीवर उपासना बघते. बघता येतं, पण मला कुणी बघत नाही.”

“मग तिथल्या कुणाला सांगा ना.”

“चर्चमध्ये सांगितलं की लोराला कळणार. ती सगळं टाकून धावत येईल. तिची ती सुमा आता कुठं तोंड उघडायच्या बेतात आहे. तू सांगणार नाहीस, बोल.”

“सांगणार नाही,” अंबुबाईंनी शब्द दिला. ऑपरेटरचा शब्द.

आता सोमवारी सकाळी पुन्हा फोन वाजला. डोरथीचा आवाज आज पायरी चुकल्यासारखा येत होता. पुन्हा तोल गेला होता, या वेळी न्हाणीघरात. बराच वेळ फरशीवर बसून होती. कुणाला हाक मारणार?

“शेजारी? तुमच्या चर्चच्या बायका?”

“वाईट नाहीत गं त्या. त्यांना वाटतं, मला घरातच बरं वाटतं. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.” मग डोरथी जरा उजळली. “पण आज सकाळी मी टीव्हीवर लोराला पाहिलं! ती तुझ्याबद्दल बोलली. सगळ्यांबरोबर मीही प्रार्थना केली, अंबु, तुझ्या एकटेपणासाठी.”

अंबुबाईंनी पेला खाली ठेवला. कॉफी बशीत सांडली.

न्हाणीघरात पडलेली बाई नजरबादच्या धडधाकट बाईच्या एकटेपणासाठी हात जोडते! आणि ते पन्नास जण! समुद्रापलीकडच्या, न पाहिलेल्या बाईसाठी डोळे मिटतात. दोन गल्ल्या पलीकडे एक म्हातारी गार फरशीवर बसली आहे, तिच्यासाठी डोळे उघडत नाहीत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. आणि उजेड मला पाठवताहेत, पार्सलनं!

ती लोरा तरी काय! पंधरा मैलांवरच्या बन्नूरच्या पोरीचा गळा कधी दाटतो ते तिला कळतं, आणि स्वतःच्या आईच्या आवाजातली भेग ऐकू येत नाही?

आठवडाभर घरात ताटं वाजली, माणसं वाजली नाहीत. लोरा जाता-येता ‘येते’ म्हणायची, अंबुबाई ‘हं’ म्हणायच्या. देवापुढे वात लावताना हात थांबायचा आणि मनात ओळी जुळायच्या, न बोलावता.

समुद्रापल्याड माय, एकली ग घरात
तिच्या दिव्याला ग सये, कोण लावील वात

सांगून टाकावं? जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर उभं राहून एकदा त्यांनी ‘लोरा’ म्हणून हाकही मारली. ती आली तेव्हा म्हणाल्या, “गिझर बंद कर, वीज जळते.” शब्द दिला होता. मोडला तर लोरात आणि आपल्यात फरक काय राहिला? आणि पाळला तर? तिसऱ्यांदा डोरथी पडली आणि उठलीच नाही तर त्या शब्दाची काय पूजा घालायची?

रविवार आला. अंबुबाई भजनाला गेल्या नाहीत. निळी इरकली नेसल्या, केस विंचरले, आणि लोरानं फुलदाणीला फोन टेकवला तशा येऊन तिच्या शेजारच्या खुर्चीत बसल्या. मांडीवर त्यांचा स्वतःचा फोन.

“तुम्ही?” लोरा दचकली.

“माझं नाव काढायचंय ना. बघायला आले.”

पडद्यावर गाणी झाली. पाळकाला शेजारची निळी साडी दिसली आणि त्याचा चेहरा पिठल्यावर तूप पडावं तसा पसरला. “लोरा, तुझ्याबरोबर कोण आहे? ही अंबु तर नव्हे?” बाकांवरची सगळी डोकी वर झाली. बायका हात हलवू लागल्या. एका बाईनं तर डोळेच टिपले.

ते डोळे टिपणं बघून अंबुबाईंचा उरलासुरला संकोच पळाला.

“नमस्कार,” त्या इंग्रजीत म्हणाल्या. तोच आवाज, ज्यानं एके काळी अर्ध्या म्हैसूरला ‘होल्ड करा’ म्हटलं होतं. “मी अंबुबाई. विधवा आहे, हे बरोबर. बाकी चूक. तलवारीला दिवा लावत नाही, देवाला लावते. मी चिंता नाही. कृपा करून माझं नाव तिथून काढावं.”

चर्चमध्ये कुणीतरी खोकलं. लोरानं कपाळाला हात लावला.

“तुमची पद्धत चांगली आहे,” अंबुबाई पुढे म्हणाल्या. “ज्याची चिंता त्यानं उठून सांगायची. पण ज्याला उठता येत नाही, त्याला विचारायला जायची पद्धत आहे का तुमच्यात? लाइन सोडू नका.”

त्यांनी मांडीवरचा फोन उचलला, नंबर लावला, स्पीकर चालू केला. तिकडे घंटी वाजली.

“अंबु? मी तुला टीव्हीवर बघतेय!” डोरथीचा आवाज. “निळी साडी…”

“डोरथीबाई, म्हैसूरहून बोलतेय. तुमची मंडळी लाइनवर आहेत. बोलायचं असेल तर बोला. नसेल तर फोन ठेवा. मी एक अक्षर सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही.”

लोरानं त्या फोनकडे पाहिलं, मग अंबुबाईंकडे. “आई?” ती म्हणाली. “ही माझी आई आहे? हे काय चाललंय?”

फोनमध्ये नुसता श्वास होता. ठेवेल, अंबुबाईंना वाटलं. ठेवू दे. तो तिचा हक्क.

मग डोरथी म्हणाली, “मी डोरथी बोलतेय. मला एक चिंता सांगायची आहे.”

अंबुबाईंनी तो फोन लोराच्या फोनसमोर उभा केला, तोंडाला तोंड लावून, आणि उठल्या. लाइन जोडायची, कान काढून घ्यायचा. स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी मिक्सरमध्ये खोबरं टाकलं आणि बटण फिरवलं. खोबरं कधीच बारीक झालं होतं. तरी मिक्सर घरघरत राहिला.

बंद केला तेव्हा दारात लोरा उभी होती. चेहरा लालभडक, गाल ओले.

“तुम्हाला माहीत होतं.”

“होतं.”

“कधीपासून?”

“ते मी सांगत नसते.”

“मी मुलगी आहे तिची!” लोरा ओरडली. इतकी ओरडली की वरच्या फळीतला डबा झणकला. “माझी आई फरशीवर पडते, आणि तुम्ही मला गिझर बंद करायला सांगता?”

“तिनं शब्द घेतला होता माझ्याकडून. तू तरी ऐकलंस कधी तिला? रोज फोन करतेस, रोज आपले आनंद सांगतेस. ‘कशी आहेस’ विचारतेस आणि उत्तराआधीच सुमाचं गाणं सुरू करतेस!”

लोरा दाराच्या चौकटीला टेकली. हे लागलं, अंबुबाईंना दिसलं. जरा जास्तच लागलं. पण परत घेण्यातल्या त्या नव्हत्या.

“काय झालं तिकडे?” मिक्सरचं भांडं उतरवत त्यांनी विचारलं.

“आईचं बोलून झालं. मग मागच्या बाकावरची मर्ना उठली आणि गाडीची किल्ली घेऊन निघूनच गेली. तिच्यामागं आणखी दोघी. पाळक म्हणत होता, आधी प्रार्थना करू या. कुणी थांबलं नाही.”

“बरं झालं. डोळे मिटून गाडी चालवता येत नाही.”

लोरा हसली नाही. जेवायला ताटलीही घेतली नाही. “मला तुमचा खूप राग आलाय,” ती म्हणाली, अंबुबाईंच्याच हेलात, अंबुबाईंनीच शिकवलेल्या मराठीत. “आणि मला घरी जावं लागेल, निदान थोडे दिवस. सुमाला काय सांगू?”

“खरं ते सांग. आई पडली म्हण. बन्नूरच्या पोरीला आई कळत नाही होय?”

लोरा जिना चढून गेली. पण मधल्या पायरीवर थांबल्याचं अंबुबाईंना ऐकू आलं.

सकाळी कॉफीच्या वेळी फोन वाजला. डोरथी संतापली होती.

“अंबु! तू मला जुन्या गाऊनमध्ये अख्ख्या गावासमोर उभं केलंस! सकाळपासून माझ्या स्वयंपाकघरात बायकाच बायका. एकीनं माझे डबे हलवलेत, मला साखर सापडत नाहीये. एक जण सोफ्यावरच झोपली आहे, अशी घोरते!”

“भांडा तिच्याशी,” अंबुबाई म्हणाल्या. “लोरा! लाइन!”

आज लोरा पहाटेच्या प्रार्थनेला गेलेली नव्हती. ती धडधडत खाली आली. अंबुबाईंनी फोन तिच्या हातात दिला आणि कान काढून घेऊन देवघरात गेल्या. वात भिजवली, काडी ओढली. शेजारच्या तलवारीच्या मुठीवर नेहमीसारखा उजेड पडला. हात जोडले, डोळे मिटले, आणि ओठांवर पहिलं नाव आलं ते डोरथीचं. तिचं मनगट बरं होऊ दे, असं म्हणणार तोच त्या थांबल्या.

डोळे उघडले. गुडघा धरून उठल्या आणि हॉलमध्ये परत आल्या.

लोरा नुसती ऐकत होती. पलीकडून बोलणं चालू होतं आणि ती मध्ये एक शब्दही टाकत नव्हती. अंबुबाईंनी तिच्या खांद्यावर बोट ठेवलं. “एक मिनिट दे.” फोनजवळ तोंड नेऊन त्या म्हणाल्या, “डोरथीबाई, मी देवापुढे बसलेय. तुमचं नाव घेऊ का?”

पलीकडे कुणीतरी बशी विसळली.

“घे,” डोरथी म्हणाली. “पण चिंतेत नको.”